वसई ते अर्नाळा : बस उभी कुठे राहते?

रेल्वेच्या जुन्या स्टेशनांच्या नावात ‘रोड’ हा शब्द दिसला की समजावे, गाव अजून लांब आहे. नाशिक रोड, मीरा रोड, तसेच आमचे वसई रोड. १८६४ साली मुंबईहून सुरतेकडे जाणारा लोहमार्ग जोडला गेला तेव्हा रूळ वसईच्या पूर्वेकडून सरळ उत्तरेला गेले. किल्ला, बाजार, मोहल्ला, कोळीवाडा हे सारे पाच-सहा किलोमीटर पश्चिमेला राहिले. स्टेशनजवळ नवघर आणि माणिकपूर ही शेतीवाडीची गावे होती. गाडीतून उतरायचे, टांगा पकडायचा आणि वसईला जायचे. पुढे टांग्याच्या जागी एसटी आली. वसई रोडचा मूळ आराखडा एवढाच होता. एक स्टेशन, एक रस्ता आणि त्या रस्त्याच्या तोंडाशी उभे असलेले वाहन.

आता शहर त्या रस्त्याच्या तोंडाशीच वसले आहे. ज्या गावाला जायचे होते ते एका बाजूला राहिले आणि जिथे फक्त उतरायचे होते तिथे बँका, दवाखाने, कोचिंग क्लास, सोन्याची दुकाने, लग्नाचे हॉल आले. वाहन मात्र अजून जुन्याच जागी उभे राहते.

आम्ही गेली बरीच वर्षे नालासोपाऱ्यात राहतो. नातेवाईक वसई गावात, मुलीचे कॉलेज विरारला, आणि अर्नाळ्याच्या बाजूला आपांचे घर. त्यामुळे या पट्ट्यातली बसस्थानके आम्हाला घरच्या ओसरीसारखी ठाऊक आहेत. पण ठाऊक असणे वेगळे आणि नीट पाहणे वेगळे. म्हणून या हिवाळ्यात दोन रविवार आणि एक कामाचा दिवस काढून वसई रोडपासून अर्नाळ्यापर्यंत आम्ही ठरवून फिरलो. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न मनात होता. इथे बस उभी कुठे राहते आणि माणूस उभा कुठे राहतो?

वाचकांपैकी जे या भागातले नाहीत त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. ३ जुलै २००९ रोजी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. त्यानंतर किती वाढली ते सकाळी सातच्या विरार लोकलला विचारावे. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला आणि आम्ही त्यात गेलो. शहरात नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार अशी चार मोठी स्टेशने, प्रत्येकाला पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू. म्हणजे या शहराला आठ दरवाजे. सकाळी सारे शहर या आठ दरवाज्यांतून बाहेर पडते आणि रात्री त्याच दरवाज्यांतून परत येते. दरवाज्यात कुणी खाट टाकून बसले तर घराची काय दशा होईल, ती या आठही ठिकाणी रोज संध्याकाळी दिसते.

सुरुवात वसई रोडच्या पश्चिमेपासून करतो. इथे नवघरचे एसटी स्थानक स्टेशनला अगदी चिकटून आहे. जागा चांगली, असे प्रथम वाटते. लोकलमधून उतरावे आणि चार पावलांवर बस मिळावी, याहून सोय कोणती? पण स्थानकाच्या तोंडाशी उभे राहून अर्धा तास पाहिले की गंमत कळते. ज्या रस्त्याने बस आत येते त्याच रस्त्यावर शेअर रिक्षांची रांग, त्याच रस्त्यावर स्टेशनातून उतरणारी माणसे, त्याच रस्त्यावर भाजीच्या पाट्या, आणि त्याच रस्त्यावर कुणाला तरी सोडायला आलेल्या दुचाक्या. बसला आत शिरायला वळण घ्यावे लागते, बाहेर पडायला पुन्हा वळण. प्रत्येक वळणाला दोन्हीकडची वाहने थांबतात. आम्ही एक बस स्थानकातून निघताना पाहिली आणि तिच्याबरोबर पायी चालू लागलो. ती मुख्य रस्त्याला लागेपर्यंत आम्ही तिच्या पुढे निघून गेलो होतो, आणि आमच्यात गुडघेदुखीवाल्या आपाही होत्या.

बसमधल्या मंडळींना हे माहीत असते. म्हणूनच स्थानकात चढण्याऐवजी पुढच्या नाक्यावर चालत जाऊन बस पकडणारे लोक आहेत. मग नाक्यावर बस थांबते, तिच्यामागे रिक्षा थांबतात, आणि स्थानकात जी कोंडी व्हायची ती नाक्यावर येते. अंबाडी रस्ता, पंचवटी नाका, माणिकपूर, बाभोळा, पारनाका अशी ही जुनी टांग्याची वाट आहे. या वाटेवर दुसरी वाट जवळपास नाही, हे तिचे दुखणे. पूर्वेकडून पश्चिमेला गाडीने यायचे तर पुलावरून याच भागात उतरावे लागते. म्हणजे गावाला जाणारा, स्टेशनला येणारा, पूल ओलांडणारा आणि फक्त दुकानात आलेला असे चौघेही एकाच उंबऱ्यावर.

वसई गावात मात्र पोहोचले की जीव भांड्यात पडतो. पारनाक्यापलीकडे हवा बदलते. किल्ल्याच्या वाटेवर झाडे अजून आहेत. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती त्यांच्याकडून घेतली, एवढे शाळेत आपण शिकलो आहोत. किल्ल्याच्या तटावरून खाडी दिसते. त्या खाडीतून फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली आहे. रस्त्याने मुंबई-अहमदाबाद महामार्गाचा वळसा घेऊन जो प्रवास होतो तो बोटीने काही मिनिटांत आटोपतो. बोट उत्तम. पण बोटीच्या धक्क्यापर्यंत जायला पुन्हा हीच टांग्याची वाट!

नालासोपारा हे आमचे गाव म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिणे माफ असावे. नाळे आणि सोपारा या दोन गावांच्या नावांतून स्टेशनचे नाव तयार झाले. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरून काढला आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही इथेच मिळाला. आपल्या वाचकांना याहून वेगळी एक गोष्ट कदाचित ठाऊक नसेल. अरब भूगोलकारांच्या ग्रंथांत हे बंदर ‘सुबारा’ नावाने येते. दहाव्या शतकात या किनाऱ्यावर आलेल्या अल-मसूदीने त्याचा उल्लेख केला आहे. अल-बिरूनीने तर भडोचहून दक्षिणेकडे येणाऱ्या वाटेची अंतरे देताना सुबारापासून ठाणे पाच फरसख असे नोंदवले. एक फरसख म्हणजे साधारण साडेपाच ते सहा किलोमीटर. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने मांडलेला हिशोब आजच्या नकाशाशी बऱ्यापैकी जुळतो. आज नालासोपारा पूर्वेहून ठाण्याला निघालेल्या माणसाला मात्र अंतर सांगता येते, वेळ सांगता येत नाही.

पश्चिमेला एसटीचे आगार आहे आणि त्याच्या नावाचा रस्ताही आहे. पूर्वेला काय आहे? पूर्वेला माणसे आहेत. आचोळे, तुळींज, संतोष भुवन, धानिव बाग, पेल्हार. मुंबईतल्या चाळी आणि झोपड्या सोडून स्वतःचे घर घ्यायला आलेल्या लाखोंनी महामार्गापर्यंत वस्ती भरून टाकली. त्यात आपल्या समाजाची कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. जुनी आगारे पाहा. वसई, नवघर, नालासोपारा, अर्नाळा, सगळी रुळांच्या पश्चिमेला. एसटी १ जून १९४८ रोजी सुरू झाली, आणि ही आगारे उभी राहिली तेव्हा गावे पश्चिमेला होती. त्या काळी ते बरोबरच होते. पण पूर्वेला वस्ती वाढत असताना तिथे बससाठी पुरेशी जागा वेळेवर राखली गेली नाही. त्यामुळे पूर्वेला स्टेशनसमोरचा रस्ता हेच बसस्थानक झाले. बस रस्त्यातच रिकामी होते, रस्त्यातच वळते आणि सुटायची वेळ होईपर्यंत रस्त्यातच उभी राहते.

या तिसऱ्या गोष्टीकडे आमचे लक्ष मुलीने वेधले. ती म्हणाली, “अब्बू, चालणारी बस जागा कमी घेते, उभी बस जास्त घेते.” आम्ही पुन्हा जाऊन पाहिले, तर तिचे म्हणणे खरे. इथला जवळपास प्रत्येक मार्ग स्टेशनला सुरू होतो आणि स्टेशनलाच संपतो. त्यामुळे प्रत्येक बसला शहराच्या सर्वांत अरुंद जागी वळण घ्यावे लागते, आणि चालक-वाहकाला पाणी प्यायला, पुढच्या फेरीची वेळ गाठायला तिथेच थांबावे लागते. हीच बस स्टेशनवर फक्त दोन मिनिटे थांबून पुढे गेली, आणि तिची विश्रांतीची जागा वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे महामार्गाकडे असली, तर स्टेशनसमोर एका वेळी सहा बसच्या जागी दोनच दिसतील. यासाठी उड्डाणपूल लागत नाही. लागते ती दुसऱ्या टोकाला एक मोकळी जागा आणि तिथे चालकांसाठी एक स्वच्छतागृह.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक बुजुर्ग आहेत. सारा मोहल्ला त्यांना चाचा म्हणतो. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला वसईच्या पश्चिमेला जावे लागते. डायलिसिसचे यंत्र चार तासांसाठी दिलेले असते. तुम्ही पाऊण तास उशिरा पोहोचलात तर पुढच्या रुग्णाची वेळ मागे ढकलता येत नाही, मग तुमचेच तास कापले जातात. चाचांचा मुलगा सकाळच्या लोकलने कामाला जातो. म्हणून मोहल्ल्यातल्या मुलांनी आपसात वार वाटून घेतले आहेत, अल्लाह त्यांना जजा देवो. बसने जाणे परवडते, पण पूर्वेहून निघालेली बस पश्चिमेला जात नाही. एका बसने स्टेशनला यायचे, पादचारी पुलाचे जिने चढायचे, उतरायचे आणि पलीकडे दुसरे वाहन शोधायचे. चाचांना ते शक्य नाही. शेअर रिक्षात चौथ्या माणसाला चालकाशेजारी बसवतात, तेही शक्य नाही. मग स्पेशल रिक्षा. महिन्याला बारा-तेरा फेऱ्या, जाताना आणि येताना. औषधांपेक्षा रिक्षाचा खर्च जास्त होतो, असे चाची एकदा म्हणाल्या आणि लगेच “अल्हम्दुलिल्लाह, चाललंय” असे म्हणून गप्प झाल्या.

नालासोपाऱ्यात रमजानमध्ये एक दृश्य दरवर्षी पाहायला मिळते. मगरिबच्या सुमारास लोकल येते आणि माणसांचा लोंढा पुलावर चढतो. घर अर्ध्या कोसावर असते, पण खाली रस्ता गच्च भरलेला. बस हलत नाही, रिक्षा हलत नाही. अजान होते. मग पुलावरच कुणी पिशवीतून खजूर काढतो, कुणी पाण्याची बाटली पुढे करतो. ज्याचा रोजा नाही तोही बाटली धरून उभा राहतो. फार सुंदर दृश्य आहे. पण घरी दस्तरखानावर मुले बापाची वाट पाहत बसलेली असतात, आणि बाप तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर अडकलेला असतो.

फेरीवाल्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला ते पटत नाही. फेरीवाला तिथेच उभा राहतो जिथे माणसे खोळंबतात. वीस मिनिटे बसची वाट पाहणारी बाई कोथिंबीर घेते, केळी घेते. उद्या बस तीन मिनिटांत आली आणि पन्नास पावलांवर आली, तर हातगाडीही पन्नास पावले सरकेल. दुचाकी आडवी लावणाऱ्यांचे मात्र समर्थन नाही. जुम्म्याच्या दिवशी मशिदीबाहेर अर्धा रस्ता अडवून गाडी लावायची आणि आत जाऊन पहिल्या सफमध्ये उभे राहायचे, हे कसे जमते देव जाणे. हदीस शरीफमध्ये रस्त्याचा हक्क सांगितला आहे, वाटेतली इजा देणारी वस्तू बाजूला करणे हा सदका मानला आहे. काही मशिदींत आता इमामसाहेब खुतब्याआधी ही आठवण देतात आणि दोन-चार तरुण बाहेर उभे राहून गाड्या एका रांगेत लावून घेतात. जिथे हे होते तिथे जुम्म्यालाही बस निघून जाते.

आता बस किती, हेही पाहायला हवे. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाच्या मापदंडानुसार चांगली सेवा म्हणजे दर हजार माणसांमागे ०.६ बस, म्हणजे लाखाला साठ. बारा लाखांचा जुना आकडा धरला तरी ७२० बस लागतात. आमच्याकडची संख्या याच्या जवळपासही नाही. इथे दीर्घकाळ शहरातली बससेवाही एसटीच चालवत असे. २०१२ साली महापालिकेची परिवहन सेवा आली. २०१७ मध्ये तोट्याचे कारण देऊन एसटीने शहरी मार्ग बंद करायचे ठरवले तेव्हा मोर्चे निघाले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी शहरातली सेवा महापालिकेकडे आली. पण बस एकाची आणि स्थानकाची जमीन दुसऱ्याची, रस्ता तिसऱ्याचा, स्टेशनचे आवार रेल्वेचे आणि वाहतुकीचे नियमन पोलिसांचे. पाच जणांनी मिळून एक चूल पेटवायची, तर लाकडे कुणी आणायची यावरच दिवस जातो. ७५ वर्षांवरील बुजुर्गांना एसटीत ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास आहे. आपा त्या सवलतीवर खूश आहेत. मात्र ती योजना शहरी बससाठी नाही. म्हणजे नाशिकला जायला सवलत आहे, दवाखान्यात जायला नाही.

दुसरीकडे काय केले जाते हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. ठाण्यात स्टेशनच्या पश्चिमेला ‘सॅटिस’ नावाचा उंच डेक बांधला. बस वरून येतात, माणूस रेल्वेच्या पुलावरून सरळ बसपाशी पोहोचतो आणि रिक्षा खाली राहतात. गर्दी संपली असे नाही, ठाण्यात गर्दी कधी संपणार? पण बस आणि रिक्षा एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. आपल्यापैकी जे हज-उमऱ्याला जाऊन आले त्यांनी दुसरा नमुना पाहिला असेल. मक्का शरीफमध्ये अजीजिया भागात उतरलेले हाजी हरम शरीफपर्यंत थेट आपल्या गाडीने जात नाहीत. कुदय किंवा महबस-अल-जिन्न अशा ठिकाणी बस बदलतात आणि तिथून दुसऱ्या बसचा अखंड फेरा सुरू असतो. हरमच्या दाराशी बस येते, रिकामी होते आणि निघून जाते. तिथे ती तळ ठोकून बसत नाही. तिथला पैसा आणि इथला पैसा यांची तुलना नाही, हे मान्य. पण उभ्या बसला गर्दीच्या जागेपासून दूर ठेवणे या एका गोष्टीला पैशापेक्षा जमिनीची आखणी जास्त लागते.

जमिनीची आखणी झाली नव्हती असेही नाही. १९९० साली सिडकोला या उपप्रदेशाचे नियोजन प्राधिकरण नेमले गेले. २०२१ पर्यंतचा विकास आराखडा २००७ मध्ये मंजूर झाला. अशा आराखड्यात शाळा, मैदान, दवाखाना, बसस्थानक यांच्यासाठी भूखंड आरक्षित करतात. पण आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे कलम १२७ प्रत्येक नागरिकाने वाचण्यासारखे आहे. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत पाऊल उचलले गेले नाही तर आरक्षण गळून पडते. २००७ मध्ये दहा मिळवले की २०१७ येते. हिशोब ज्याचा त्याने करावा.

आणि आरक्षण कायम असले तरी जमीन मोकळी राहतेच असे नाही. आमच्याच नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीच्या बाजूला कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखलेल्या जमिनीवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. कागदपत्रांवर विश्वास ठेवून, दागिने मोडून तिथे घर घेतलेली माणसे सामान टेम्पोत भरताना आम्ही पाहिली. राखीव जमीन गेली, आणि घर घेणाऱ्यांचे घरही गेले. घर घेताना वाचकांनी एवढे तरी करावे. नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा भाग नकाशा आणि झोन दाखला काढावा. त्यावर आपली इमारत कोणत्या रंगात आहे ते दिसते. त्याच नकाशावर आपल्या वॉर्डातले बसस्थानकाचे आरक्षणही दिसते. नवीन आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले की हरकती-सूचनांची मुदत असते. त्या वेळी मोहल्ला कमिटीने, सोसायटीने, जमाअतीने “इथे बसला जागा द्या” असे सही करून लिहून दिले तर ते सुनावणीत घ्यावेच लागते. आमच्याकडे शादीखान्यासाठी आणि कब्रस्तानासाठी अर्ज जातात, आणि जायलाच हवेत. बसस्थानकासाठी गेलेला अर्ज अजून आमच्या पाहण्यात नाही.

विरारला आलो तेव्हा दुपार झाली होती. विरारचे नाव मुंबईत लोकलमुळे. १२ एप्रिल १८६७ रोजी इथून बॅकबेकडे पहिली लोकल सुटली आणि १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत आली. पूर्वेला डोंगरावर जीवदानी देवीचे मंदिर आहे. नवरात्रात तिथली गर्दी स्टेशनच्या पूर्व दाराशी येते तेव्हा रोजचे प्रवासी आणि भाविक दोघांचेही हाल होतात. बारमाही गर्दीच्या या ठिकाणी बसला स्वतःची अशी मार्गिका नाही. पश्चिमेला स्टेशनलगत बसस्थानक आहे. तेच तोंड, तीच रिक्षांची रांग. इथे मुलीने कॉलेजची युक्ती सांगितली. परीक्षेच्या दिवशी मुली स्टेशनहून बस-रिक्षा घेत नाहीत, चालतच निघतात. वाहनाची वेळ सांगता येत नाही, पायांची सांगता येते.

तिथून अर्नाळ्याची बस पकडली. बोळींज गेले, आगाशी आले. रस्ता अरुंदच, पण दोन्ही बाजूंना वाड्या, विहिरी, केळीची पाने. एके काळी या टापूत आगाशी हे मोठे गाव होते. इथली सुकेळी, म्हणजे वाळवलेली गोड केळी, ज्यांनी खाल्ली नसतील त्यांनी आवर्जून मागवावीत. पहाटेच्या बसमध्ये अजूनही फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या चढतात. वाहक “मावशी, पाटी सीटखाली घ्या” म्हणतो आणि मावशी त्याच्याकडे लक्ष देत नाहीत.

अर्नाळ्याचे आगार पाहून आपा म्हणाल्या, “इथं बस श्वास घेते.” रस्त्याच्या शेवटी, समुद्राजवळ, आवार मोकळे. बस आत येते, फिरते, उभी राहते आणि तिच्यामागे कुणी भोंगा वाजवत नाही. लांब पल्ल्याच्या गाड्याही इथून सुटतात. खरे तर मुलीने नालासोपाऱ्यात सांगितलेली गोष्ट इथे प्रत्यक्ष दिसते. बसचा मुक्काम मार्गाच्या शेवटच्या टोकाला. फक्त दुसरे टोक विरारच्या गर्दीत आहे.

समोर बेटावर अर्नाळ्याचा किल्ला आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला आणि नव्याने बांधला. जून २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘आयएनएस अर्नाळा’ या पाणबुडीविरोधी नौकेला याच किल्ल्याचे नाव दिले आहे. आत त्र्यंबकेश्वराचे मंदिर आहे आणि दर्गाही आहे. बेटावर कोळी बांधवांची वस्ती आहे. पूल नाही, होडीनेच जावे लागते. ओहोटीला होडी किनाऱ्यापासून आत उभी राहते आणि गुडघाभर पाण्यातून चालावे लागते, तेव्हा बुजुर्गांना घेऊन जाणाऱ्यांनी भरतीची वेळ विचारून निघावे. पाणी आणि डबा बरोबर ठेवावा, बेटावर मोठी हॉटेले नाहीत. परतताना संध्याकाळी सहानंतरची विरारची बस टाळावी. पाचच्या आधी निघालात तर मगरिब घरी मिळते.